गाठीचं गाव

मी आयुष्यात कोणतीही वस्तू पहिल्या भावात घेतलेली नाही. सुपारी असो, ट्रकचा टायर असो, की मुलीच्या लग्नाचा मांडव असो, समोरच्यानं सांगितलेला भाव ही माझ्या दृष्टीनं बोलण्याची सुरुवात असते. तळा तालुक्यातल्या आतल्या एका गावातून अलिबागेजवळ नागावला आलो तेव्हा मी दुसऱ्यांच्या वाडीत सुपाऱ्या सोलत होतो. आज माझी स्वतःची वखार आहे आणि वाशीच्या बाजारात माझा नारळ उतरला की दलाल आधी चहा मागवतात आणि मग बोलायला बसतात. हे मला कुणी दिलेलं नाही. मी ओढून घेतलेलं आहे.

मला भाव करू न देणारा एकच माणूस भेटला. अलिबागेत एका बोळात बसून तो गाठी तपासायचा. तो जाऊन आता बराच काळ झाला, पण त्याच्याशी माझं भांडण मिटलेलं नाही. भांडणातला एक माणूस उरला नाही म्हणजे भांडण मिटलं, असं मी मानत नाही. सुमन, म्हणजे माझी बायको, अजूनही मला टोकते, “त्यांना ‘ते’ म्हणा हो. डॉक्टर होते. वयानं मोठे होते.” मी ‘तो’च म्हणतो.

डॉक्टर होता, पण औषध देणारा नव्हता. ऑपरेशन करून काढलेली गाठ त्याच्याकडे यायची. तिचा पातळ काप काचेच्या पट्टीवर घेऊन, रंग देऊन, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि ती साधी आहे की कॅन्सरची हे लिहून द्यायचा. सारी नोकरी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात केली आणि निवृत्त झाल्यावर वडिलांच्या घरी परत आला. खाली प्रयोगशाळा, वर तो एकटा. दारावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : ‘लवकर हवे असल्यास दुसरीकडे जावे.’ धंद्याच्या दारावर अशी पाटी लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याची काम करायची पद्धतच तशी होती. अवघड काच आली की संध्याकाळी एकदा बघायची, मनाशी मत ठरवायचं आणि कुणालाही न सांगता काच झाकून ठेवायची. मग हा किनाऱ्यावर जाणार आणि ओहोटी असेल तर समुद्रातल्या किल्ल्याच्या दिशेनं पाण्याच्या कडेपर्यंत चालून येणार. सकाळी उठल्यावर तीच काच अशी बघायची, की जणू आजच आली. संध्याकाळचं मत आणि सकाळचं मत जुळलं तरच लिहायचं. नाही जुळलं तर पुन्हा संध्याकाळ. सर्जन लोक फोनवर ओरडायचे. हा फोन टेबलावर उताणा ठेवून पांढरा कांदा सोलत बसायचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा त्यानं प्रयोगशाळेत खिडकीच्या गजांना टांगलेल्या असत, त्यामुळे तिथे औषधांच्या वासात कांद्याचा वास मिसळलेला असायचा.

त्याच्या खोलीत ‘कॅन्सर’ हा शब्द हळू आवाजात उच्चारलेला त्याला चालायचा नाही. आपल्याकडे माणसं ‘तो आजार’ म्हणतात, ‘वाईट गाठ’ म्हणतात, नाहीतर नुसते डोळे मिटून मान हलवतात. तो म्हणायचा, नीट मोठ्यानं बोला. नाव घेतल्यानं ना तो येतो, ना जातो. एकदा एक सासरा सुनेला दाखवायला घेऊन आला होता आणि कुजबुजत होता. यानं त्याला तीन वेळा तो शब्द मोठ्यानं म्हणायला लावला. तिसऱ्या वेळी सूनच हसली.

गाठीला आधी गाव विचारावं, असं तो म्हणायचा. आपल्याकडे एसटीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की पहिला प्रश्न गावाचा असतो. मुंबईत जन्म गेलेला माणूससुद्धा ‘मूळचे कुठले’ असं विचारल्यावर म्हसळा नाहीतर रोहा सांगतो. डॉक्टरच्या मते गाठीचंही तसंच होतं. कातडीवर दिसणारी गाठ कातडीचीच असते असं नाही. काही घरच्या असतात, म्हणजे तिथल्याच चरबीतून नाहीतर घामाच्या ग्रंथीतून वाढलेल्या. त्या बहुतेक निरुपद्रवी. काहींचं मूळ घर आत कुठे तरी असतं, स्तनात, फुप्फुसात, मूत्रपिंडात, आणि त्या कातडीवर नुसत्या राहायला आलेल्या असतात. दिसायला दोन्ही सारख्या. “घरची असेल तर कितीही वेडीवाकडी असू दे,” तो म्हणायचा, “आणि परगावची असेल तर कितीही लहान असली तरी…” पुढचं तो बोलायचा नाही, कांदा उचलायचा.

म्हणून माणसाला हात लावल्याशिवाय त्यानं कधी सही केली नाही. इतर ठिकाणी काच येते, कागद जातो, मध्ये माणूस लागतच नाही. याच्याकडे पेशंटला यावं लागायचं. पेशंट येऊ शकत नसेल तर हा जुन्या स्कूटरवरून त्याच्या घरी जायचा. हात लावण्याआधी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून हात ऊन करून घ्यायचा. तो चहा त्याला कधी पिताना पाहिला नाही. चहा निवायचा आणि त्याचे हात तापायचे.

या हात लावण्याच्या खोडीमुळे तो गावात थोडा बदनामच होता. आमच्याकडे एका लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाचा मामा जिलबी वाढत होता. यानं जिलबी पानात पडू दिली आणि मामाला विचारलं, “मानेवरचा तीळ कधीपासून आहे? कडा पसरल्यात का अलीकडे?” मामा ताट घेऊन पुढे गेला तो त्या ओळीत परत फिरकलाच नाही. पण पोटात भीती बसली ती बसलीच. जाऊन तीळ काढून आला, तो साधा निघाला, आणि मग त्यानं नाक्यावर उभं राहून डॉक्टरला मनसोक्त शिव्या घातल्या. हे मीच डॉक्टरला सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, “देऊ द्या. शिव्या द्यायला माणूस शिल्लक आहे ना.”

अलिबागच्या मासळी बाजारातला प्रकार तर माझ्या डोळ्यांसमोरचा. एका कोळणीच्या कपाळावर सुपारीएवढी गाठ होती. हा बोंबील सोडून कपाळाकडे बघत उभा. ती म्हणाली, “मावरं घेवाचं हाय त घे. कपाल काय बगतंस?” यानं रीतसर विचारून, तिच्याच बादलीत हात धुऊन, अंगठ्यानं ती गाठ इकडून तिकडे हलवून पाहिली आणि म्हणाला, “घरची आहे, मावशी. चरबीची. राहू दे.”

“मंग मना नवीन काय सांगलंस?” ती म्हणाली. “माझे लग्नापासून हाय ती. तिला मी वलखतंय. तुला न्हाय वलखत.”

भोवतालच्या सगळ्या कोळणी हसल्या. तोही हसला आणि बोंबील तिनं सांगितलेल्या भावात घेतले. मी मध्ये पडून कमी करून देणार होतो, तर मलाच डोळे वटारले.

आता सुमनचं सांगतो.

सुमनला काही वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. मुंबईत ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, परत आले. आम्ही त्यातून सुटलो असं धरून चाललो होतो. मग एकदा तिच्या डाव्या कानाच्या वर, केसांत, एक गाठ दुखायला लागली. त्यावर जखम होऊन पाणी येऊ लागलं. अलिबागच्या सर्जननं गाठीच्या कडेचा एक लहानसा तुकडा काढून मुंबईला पाठवला. रिपोर्ट आला, की स्तनाच्या कॅन्सरचा प्रसार असण्याची दाट शक्यता आहे. सर्जननं मला बाजूला घेऊन हे सांगितलं. मी सुमनला सांगितलं नाही. घरात नवरा असतो कशाला? आधी मी बघेन, विचारेन, काय करायचं ते ठरवीन आणि मग तिला कळेल तेवढं कळेल, असं माझं म्हणणं होतं. आजही आहे.

सर्जनच म्हणाला, त्या बोळातल्या म्हाताऱ्याला एकदा बघू दे. मुंबईहून परत आलेली काच घेऊन मी एकटाच गेलो. डॉक्टरनं काच हातात घेतली नाही.

“गाठ कुठाय?”

“ही काय. काचेवर.”

“ही काच आहे. गाठ कुठाय?”

मी त्याला समजावलं, की पेशंटला अजून काही सांगितलेलं नाही, तुम्ही फक्त बघा आणि मला सांगा. हवं तर ‘नक्की सांगता येत नाही’ एवढं लिहा, तेवढंही मला पुरेल. तो म्हणाला, “शेठ, मी अजून आकडा सांगितला नाही. उतरवता काय?” आणि उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं सुमनला घेऊन जावं लागलं. वाटेत गाडीत तीच म्हणाली, “कॅन्सर परत आलाय का? तुम्ही दोन दिवस कुणावर ओरडला नाहीत.”

त्यानं कप हातात धरला. सुमनला माहेर विचारलं, वाडीत किती झाडं, कोण चढतं, असं काहीबाही विचारत राहिला आणि बोलता बोलता त्याची बोटं तिच्या केसांतून फिरत होती, आंधळा माणूस भिंत चाचपतो तशी. मग जखमेच्या कडेला बोट थांबलं. तिथे कातडी काळी पडली होती.

“बिब्बा कुणी लावला?”

मला वाटलं, चुकून विचारतोय. सुमननं खाली बघितलं. मग ती म्हणाली, “सासूबाईंनी.”

बिब्बा म्हणजे आमच्याकडचं जुनं औषध. सुईच्या टोकावर बिब्बा तापवायचा, त्याचं काळं तेल सुटतं, त्याचा डाग सुजेवर, गाठीवर द्यायचा. कुणाला लागू पडतो, कुणाला उततो. उतला की कातडी भाजल्यासारखी होते. माझी आई तळ्याकडची, सगळ्या दुखण्यावर तिच्याकडे बिब्बा. केस विंचरताना सुमनला ती गाठ दुखायची म्हणून, मी वखारीत असताना, तिनं तो दिला होता. मी तिथेच, डॉक्टरच्या खोलीत, आईच्या नावानं नको ते बोललो. डॉक्टरनं मला हातानं गप्प केलं आणि सुमनला दुसरंच विचारलं, “केमोत केस गेले होते तेव्हा ही गाठ होती?”

सुमनला आठवेना. त्या दिवसांत ती आरशात बघत नव्हती. डोक्यावरून पाणी कोण घालायचं, डॉक्टरनं विचारलं. सासूबाई.

“मग त्यांना विचारून या,” तो मला म्हणाला.

मी घरी गेलो. आई ओटीवर बसली होती. मी तिला विचारलं ते कोणत्या सुरात विचारलं ते सांगायला नको. ती म्हणाली, “व्हय, हुती की. तवा हरभऱ्यायेवढी हुती. पोरीचं डोकं कोयत्यानं सोललेल्या नारळावानी झालतं, तिच्यावर ती येवढीशी. मी रोज बगत व्हते.” मग म्हणाली, “बिब्ब्यानं झालं का रं काय?” त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं.

डॉक्टरला ते उत्तर हवं तसं मिळालं होतं. जुनी गाठ, हळू वाढलेली, केमोच्या औषधानं न विरघळलेली. त्यानं खिडकीतला एक कांदा घेतला, त्याचा पापुद्रा काढून काचेवर ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. चिरे रचून भिंत बांधावी तसं दिसत होतं. मग दुसरा पापुद्रा त्यानं मेणबत्तीवर शेकला आणि दाखवला. चिरे फुटले होते, कडा वाकल्या होत्या, काय कुठे आहे कळत नव्हतं. “मुंबईवाल्यांना भाजलेला कोपरा मिळाला,” तो म्हणाला, “आणि कागदावर स्तनाचा कॅन्सर लिहिलेला. त्यांना काच दिली, माणूस दिला नाही. मीही तेच लिहिलं असतं. गर्दीत घाबरून पळणारा माणूस आणि चोर, लांबून सारखेच दिसतात.” पण घरची आहे असंही तो म्हणेना. गाठ पूर्ण काढा, खोलवरची, न भाजलेली बाजू मला द्या, मुंबईच्या जुन्या ऑपरेशनचा नमुना मागवून घ्या, दोन्ही शेजारी ठेवून बघीन. आणखी काही खास रंग असतात, कातडीच्या स्वतःच्या गाठी ते रंग धरतात, परक्या बहुतेक धरत नाहीत, तेही करीन.

त्यानंतर त्यानं मला बाहेर बसवलं आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या बाईला आत बोलावून सुमनचं बाकीचं अंग तपासलं. काखा, गळा, पोट, जुन्या ऑपरेशनचा व्रण. बाहेर आल्यावर म्हणाला, व्रणाच्या खाली एक कणी लागते, तांदळाच्या कणीएवढी. तीही काढून घ्या. सुमन म्हणाली, तो टाका असेल, कधीचा आहे. मला तेव्हा त्या कणीचं काही वाटलं नाही. माझं सगळं लक्ष डोक्यावरच्या गाठीवर होतं. मुंबईचा रिपोर्ट त्याच गाठीचा होता.

दोन्ही काढल्या. त्यानंतर त्यानं जो वेळ लावला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट वेळ. रोज फोन करायचो, रोज त्याची बाई सांगायची, सकाळचं आणि संध्याकाळचं अजून जुळलेलं नाही. मी त्याला माणूस पाठवला, नारळ पाठवले. नारळ परत आले.

शेवटी बोलावलं. रिपोर्ट कुणाला द्यायचा याचाही त्याचा नियम होता, ज्याची गाठ त्याचा रिपोर्ट. नवरा, मुलगा, सरपंच, कुणीही असो, बाहेर. सुमन आत गेली. दार बंद झालं. मी बोळात उभा राहून शेजारच्या सायकलवाल्याच्या भिंतीवर एक सिमेंटचा पोपडा होता तो नखानं काढत राहिलो. खूप वेळानं मला आत बोलावलं. सुमन शांत बसली होती. डॉक्टर उभा होता. म्हणाला, “डोक्यावरची गाठ घरची आहे. घामाच्या ग्रंथीची. साधी. कॅन्सर नाही.”

मी काय काय बोललो ते मला आता नीट आठवत नाही. मुंबईवाल्यांना शिव्या घातल्या हे आठवतं, अलिबागभर पेढे वाटीन म्हणालो हे आठवतं. डॉक्टर माझ्याकडे बराच वेळ बघत उभा होता. मला वाटलं, आभाराची वाट बघतोय. मी त्याच्या पाया पडलो. आमच्या भांडणात हे माझ्या विरुद्ध जातं, पण खरं आहे म्हणून लिहितो.

घरी आल्यावर मी आईशी बोललो. कितीतरी दिवसांनी तिच्या हातचा चहा प्यायलो. ती एवढंच म्हणाली, “पोरगी वाचली ना.” सुमन दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

पुढे दोन हंगाम गेले. सुपारी चांगली आली, नारळाला भाव मिळाला. सुमन मधून मधून पनवेलला बहिणीकडे जायची, रोज एक गोळी घ्यायची, थायरॉइडची म्हणून सांगायची. मी माझ्या कामात होतो. आमची भांडणं व्हायची, नेहमीसारखी, जेवणावरून, मुलीच्या सासरवरून, मी दलालांवरचा राग घरी आणायचो त्यावरून. ती मला सोडायची नाही. ‘बाजारातला आवाज बाजारात’ म्हणायची. त्या काळात आई हळूहळू संपत गेली. शेवटचे महिने सुमननंच तिचं सगळं केलं. आई गेली तेव्हा तिचं डोकं सुमनच्या मांडीवर होतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. त्यानंतर सुमननं मला वाडीत विहिरीच्या कठड्यावर बसवलं आणि सांगितलं. ती कणी घरची नव्हती. स्तनाच्या कॅन्सरचीच होती, तिथून आलेली. डॉक्टरनं त्या दिवशी दार लावून तिला दोन्ही रिपोर्ट सांगितले होते. पनवेलची बहीण तिला दर महिन्याला मुंबईला इंजेक्शनला नेत होती. ती गोळी थायरॉइडची नव्हती. आजार पसरलेला नाही, पण गेलेलाही नाही.

“का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तुम्ही आईंचा बळी घेतला असता,” ती म्हणाली. “बिब्ब्याचा आणि कॅन्सरचा काही संबंध नाही, हे मला डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं. तुम्ही ऐकलं असतंत? साध्या गाठीवरून तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत. मग या गाठीवरून काय केलं असतंत? त्या बाईनं माझ्या टकलावरून पाणी घातलंय. ती माझ्यामुळे रडत मरायला नको होती.”

मी तसाच गाडी काढून अलिबागला गेलो. डॉक्टर तोपर्यंत थकला होता. काचा कमी बघायचा, पण बसलेला तिथेच. मी दारातूनच सुरुवात केली. त्याची बाई घाबरून बाहेर गेली. मी सगळं बोलून दम लागून थांबलो तेव्हा तो म्हणाला, “तिनं सांगितलं तर. बरं झालं.”

“मी तिचा नवरा आहे.”

“माहीत आहे. गाठ तिची होती.”

“मी विचारलं असतं तर खोटं बोलला असता?”

“नाही. तसं मी तिला बजावलं होतं. म्हटलं, त्यांनी कणीचं विचारलं तर मी सांगणार. तुम्हाला आत बोलावलं आणि वाट बघत उभा राहिलो. तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही पेढ्यांचं बोलत होतात.”

हे वाक्य मी मान्य केलेलं नाही. तेव्हाही केलं नाही. मी त्याला म्हणालो, पोत्याच्या तळाशी मी किडकी सुपारी भरली आणि गिऱ्हाईकानं विचारलं नाही म्हणून सांगितली नाही, तर बाजार मला चोर म्हणेल. मग तुम्हाला काय म्हणायचं?

यावर तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्यानं थोडा विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला, आणि म्हणाला, “बरोबर आहे तुमचं. पण गिऱ्हाईक ती होती. तिला मी तळापर्यंत दाखवलं.”

मी त्याच्या पायऱ्या उतरलो आणि परत तिथे गेलो नाही. पुढच्या थंडीत तो गेला. स्मशानात मी गेलो होतो, सुमननं जायलाच लावलं. बरीच माणसं आली होती. त्यांतल्या किती जणांना त्यानं घरची सांगितली होती आणि किती जणांना परगावची, हे चेहऱ्यांवरून कळत नव्हतं. तो लग्नातला मामाही होता. मी लांब उभा राहिलो. मला कळेना, की आता हे भांडण मी कुणाशी करायचं. त्या माणसानं माझे दोन हंगाम घेतले. माझी बायको कॅन्सर अंगात घेऊन माझ्यासमोर वावरत होती आणि मी नारळाचे भाव बोलत होतो. मला ते हंगाम दुसऱ्या प्रकारे जगायचे होते. तिला फिरवलं असतं. घरी थांबलो असतो. आवाज चढवला नसता. हे सगळं मी एकदा सुमनला बोलून दाखवलं.

ती म्हणाली, “तुम्ही माझ्याशी भांडत होतात, म्हणून तर मला कधी कधी दिवसभर आठवायचं नाही.”

सुमन आज आहे. गोळी बदलली आहे, इंजेक्शनाला आता मी नेतो, बहिणीला यावं लागत नाही. मुंबईच्या डॉक्टरांशी मी भाव करत नाही, ते सांगतात ते ऐकतो. आणि विहिरीवरच्या त्या दिवसापासून मी सुमनवर एकदाही आवाज चढवलेला नाही. ती कधी कधी मुद्दाम टोचून बोलते, माझ्या दलालांना नावं ठेवते, मुलीच्या सासरचा विषय काढते. मी गप्प राहतो.

परवा आमटी खारट झाली होती, घशाखाली उतरेना इतकी. मी मान खाली घालून पूर्ण वाटी संपवली. ती समोर उभी राहून बघत होती. म्हणाली, “बरी झालीय का?” मी म्हणालो, छान आहे. तिनं माझं ताट उचललं, आत गेली, आणि स्वयंपाकघरातून तिच्या रडण्याचा आवाज आला.